"दादा, एम.एड. करू का?" विचारणाऱ्या सगळ्या शिक्षकांना

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. पण वाचताना फक्त शिक्षकांसाठी आहे असं समजू नका. ज्यांची पोरं शाळेत आहेत त्यांनी तर आधी वाचा.

पहिलं सांगतो, मी शिक्षणतज्ज्ञ नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा आणि वीस वर्षांची बातमीदारी एवढीच माझी शिदोरी. पण जिल्हा परिषदेच्या सभा, शिक्षण विभागाचे उंबरे, संस्थाचालकांच्या भानगडी आणि शिक्षकांचे मोर्चे यात ही वीस वर्षं गेलीत. त्यामुळं कुणाचं कुठं दुखतंय ते कळतं.

आता हा प्रश्न एवढ्यात का वाढला? १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला आपल्याच राज्यातून गेलेला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांना टीईटी सक्तीची. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला असेल तर दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नोकरी राहील, पण बढती नाही. वीस-वीस वर्षं खडू झिजवलेली माणसं एका रात्रीत परीक्षार्थी झाली. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक निकाल आलेला. पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, डी.एड.च हवं. म्हणजे बी.एड. करून प्राथमिकची वाट बघत बसलेल्यांचं दारच बंद.

अशा घाबरगुंडीत माणूस काय करतो? हाताला लागेल तो कागद गोळा करतो. टीईटी झाली, आता एम.एड. करून ठेवू, उद्या लागलं तर असू दे. तरुण पोरंपोरी तर विचारतातच, पण पंचेचाळिशीतले गुरुजीपण विचारायला लागलेत.

माझं म्हणणं सरळ आहे. प्रश्न तुमचा बरोबर आहे, पण तो तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय. तो विचारायला हवा मंत्रालयाला आणि विद्यापीठाला. आणि असा विचारायला हवा: माझा विषय जास्त चांगला शिकवायला मला मदत करेल अशी पदव्युत्तर पदवी माझ्या गावाच्या आसपास कुठं आहे?

एम.एड. म्हणजे काय ते आधी बघू. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला, त्याआधी एकाच वर्षाचा होता. आता २०२५ च्या नव्या मसुद्यात परत एक वर्षाचा आणायचं चाललंय. हे असं ताणायचं आणि आखडायचं चालूच असतं. आत शिकवतात काय? शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधन पद्धती, व्यवस्थापन, मूल्यमापन आणि शेवटी एक लघुप्रबंध. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. यातलं बरंच शिक्षकाला माहीत असायलाच हवं. पण स्पेशलायझेशन कशावर? प्राथमिक की माध्यमिक, या पातळीवर. विषयावर नाही. गणिताची बाई, भूगोलाचे सर आणि मराठीच्या मॅडम एकाच बाकावर बसून एकच एम.एड. करतात. विषयाच्या नावानं मिळालाच तर एखादा ऐच्छिक पेपर.

दुसरीकडं एम.एस्सी. गणित करायला जावं तर तिथं टोपॉलॉजी शिकवतात. उत्तम. पण सातवीच्या पोराला अपूर्णांक का कळत नाहीत, हे तिथं कुणी सांगत नाही.

या दोन्हींच्या मधली जी जागा आहे, तीच खरी शिक्षकाची जागा. आणि नेमकी तीच मोकळी ठेवलीय.

उदाहरण देतो. पोरगं लिहितं, १/२ + १/३ = २/५. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही शाळेत वही उघडा, हे सापडतंय. सर काय करतात? लाल फुली मारतात आणि सांगतात, "लसावि काढ." पोरगं लसावि काढतं, गुण मिळवतं, आणि कळत तरीही काहीच नाही. विषय शिकवण्याचं खरं ज्ञान ज्याच्याकडं आहे तो मास्तर फुली मारत नाही. तो विचारतो, "अर्धी भाकरी खाल्लीस, वर तिसरा हिस्सा आणखी खाल्लास. मग एकूण अर्ध्यापेक्षा जास्त खाल्लीस की कमी?" जास्त. "मग बघ, दोन पंचमांश अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" कमी! खाल्लं जास्त आणि उत्तर आलं कमी. पोराच्या डोक्यात तिथं काहीतरी हलतं. त्याला दिसतं की आपण वरचा आणि खालचा आकडा दोन वेगळ्या संख्या समजून बेरीज केली. त्यानंतरचा लसावि त्याला आयुष्यभर पुरतो.

हे काही गूढ ज्ञान नाही. पोरं कुठल्या विषयात कुठं अडखळतात, का अडखळतात आणि कुठल्या उदाहरणानं सुटतात, याचा अभ्यास जगभर होतो. ली शुलमन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८६ मध्ये मांडलं की विषयाचं ज्ञान वेगळं, शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र वेगळं, आणि तो विषय शिकवण्याचं ज्ञान हे तिसरंच. त्याला आता चाळीस वर्षं झाली. आपल्याकडं अजून पहिली दोन टोकंच.

भाषेचं बघा. आपल्याकडच्या पोरी घरात सर्रास "मी आलो, मी जातो" म्हणतात. कोल्हापूरची बोलीच तशी आहे. निबंधात तसं लिहिलं की बाहेरून आलेले सर "अशुद्ध" म्हणून खोडतात, वर्गात हसू होतं, आणि ती पोरगी पुढं तोंड उघडत नाही. बोली आणि प्रमाणभाषा यांचं नातं वर्गात कसं हाताळायचं, हे मराठीच्या शिक्षकाला कोण शिकवतं? बी.एड.मधल्या पाठ टाचणात ते येत नाही आणि एम.ए. मराठीच्या समीक्षेतही येत नाही.

आता एक गाजलेलं प्रकरण आठवा. जून २०१९. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्यावाचनाची नवी पद्धत आली. सत्तावीसला "वीस सात". केवढा गहजब झाला! टीव्हीवर चर्चा, विधिमंडळात टोलेबाजी, व्हॉट्सअॅपवर विनोदांचा पाऊस. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्या शांतपणे सांगत होत्या की मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. त्यात जोडाक्षरं. लहान पोरं त्यात गोंधळतात. दक्षिणेतल्या भाषांत हा घोळ नाही. अहो, हे पटायला तर आपल्याला लांब जायला नको. गडहिंग्लज, शिरोळकडच्या घरात कानडी बोलणारी आजी असेल तिला विचारा. एकवीसला ती "इप्पत्तोंदु" म्हणेल. म्हणजे वीस-एक. जसं लिहितो तसंच.

ती पद्धत बरोबर की चूक, हा माझा मुद्दा नाही. दोन्हीकडून बोलता येईल. बाजारात, एसटीत, घरात सगळे सत्तावीसच म्हणणार, मग पोरानं दोन भाषा का शिकायच्या, हा आक्षेपही वजनदारच होता. मुद्दा हा की एवढ्या मोठ्या राज्यात प्राथमिक गणित कसं शिकवावं यावर वाद पेटला, आणि त्यावर अभ्यासानं बोलू शकतील अशी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत हवी होती. ती नव्हती. कारण आपण ती घडवलीच नाहीत. मग काय, विनोद करणारे जिंकले.

आता सरकार शिक्षक निवडतं कसं ते बघा. म्हणजे या सगळ्याची मुळं कळतील. पवित्र पोर्टलवर भरती होते ती टेट म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. २०० प्रश्न. १२० अभियोग्यतेचे, ८० बुद्धिमत्तेचे. दहावीला विज्ञान शिकवायला निघालेल्या माणसाला भौतिकशास्त्राचा पेपर नाही. इतिहासवाल्याला इतिहासाचा नाही. सगळ्यांना तीच आकड्यांची मालिका, तीच कोडी, तेच सामान्य ज्ञान. टीईटीच्या दुसऱ्या पेपरात निदान गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांना १५० पैकी ६० गुण आहेत. पण नववी-दहावीला तीही लागत नाही. म्हणजे ज्या वर्गांत विषय सगळ्यात खोल जातो, तिथं विषयाची परीक्षा सगळ्यात कमी!

आणि त्या परीक्षांची अब्रू? टीईटीचा घोटाळा २०२१ च्या अखेरीस पुणे पोलिसांनी उघड केला. परीक्षा परिषदेचा आयुक्तच आत गेला. गुण वाढवून घेतलेल्या साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. लांबचं कशाला, नोव्हेंबर २०२५ च्या टीईटीच्या तोंडावर पेपर फोडायच्या बेतात असलेली टोळी आपल्या कागल-मुरगूड भागातच कोल्हापूर पोलिसांनी पकडली. आपल्या जिल्ह्याचं नाव राज्यभर गाजलं, ते असं.

जिथं कागदाला एवढी किंमत आणि ज्ञानाला एवढी कमी, तिथं कागदाचा बाजार भरणारच. डी.एड. कॉलेजांचं पीक आठवतंय ना? राज्यातल्या २९१ डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद इतका चिघळला की सर्वोच्च न्यायालयानं न्यायमूर्ती वर्मा आयोग नेमला. २०१२ मध्ये अहवाल आला. तपासणीत यातली बहुसंख्य विद्यालयं निकषात बसत नव्हती. आज त्यातली कित्येक बंद पडलीत. इमारती ओस आणि डी.एड. झालेली पोरं एमआयडीसीत. एम.एड.चीही तीच गत व्हायला वेळ लागणार नाही. न जाता हजेरी लागणारी कॉलेजं, तयार लघुप्रबंध टाईप करून देणारी दुकानं, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला माहीत, मला माहीत, विद्यापीठाला माहीत. फक्त कागदावर कुणाला माहीत नाही.

यात नोकरदार शिक्षकाला दोष देऊन चालणार नाही. चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी पाहिजे तर पदव्युत्तर पदवी लागते. मग माणूस जी सोपी ती करतो. विज्ञानाचा शिक्षक सुट्टीत एम.ए.ला बसलेला मी बघितलाय. अभ्यासाला सोपा विषय घेतला, एवढंच. त्याच्या वर्गातल्या पोरांना त्याचा कणभर फायदा नाही. पण नियमानं तो "उच्च शिक्षित" झाला! नियम असा केला असता की तुम्ही जो विषय शिकवता त्याच्या अध्यापनातली पदवी घ्या, तर तेच कष्ट, तेवढेच पैसे, तीच दोन वर्षं पोरांच्या पदरात पडली असती.

काहीजण म्हणतील, "साहेब, इथं शाळेत शिक्षक नाहीत आणि तुम्ही मास्टर्सच्या गप्पा मारताय." बरोबर. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आला, कमी पटाच्या वर्गांची शिक्षकांची पदंच उडायची वेळ आली, त्याविरुद्ध आपल्याकडं मोर्चे निघाले. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, भुदरगडच्या डोंगरकपारीत वीस पोरांचा पट कुठून आणायचा? मला हा आक्षेप मान्यच आहे. पण त्याचा अर्थ उलटा घेऊ नका. जिथं एकाच माणसाला गणित आणि विज्ञान दोन्ही शिकवावं लागतं, तिथं तो माणूस जास्त तयार हवा की कमी? शहरातल्या शाळेत सर कच्चे असले तर क्लास लावता येतो. दाजीपूरच्या पोरानं कुठला क्लास लावायचा?

दुसरा आक्षेप, "पगार किती आणि अपेक्षा किती." हाही खरा. शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं काढायची, प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार. तेही २०२३ मध्ये वाढवल्यानंतर. आधी ६ आणि ८ हजार होते. अंशतः अनुदानित शाळांतले तर २०, ४०, ६० टक्क्यांच्या टप्प्यात अडकून म्हातारे व्हायला आलेत. त्यांना मी रजा टाकून, फी भरून दोन वर्षं शिका असं कुठल्या तोंडानं सांगू? म्हणूनच म्हणतो, ही शिक्षकाच्या एकट्याच्या खिशातून करायची गोष्टच नाही. फिनलंडचं नाव आपल्याकडं प्रत्येक मंत्र्याच्या भाषणात येतं. तिथं विषयशिक्षक विद्यापीठात आपल्या विषयाची मास्टर्स करतो आणि त्यातच अध्यापनाचं शिक्षण घेतो. पण भाषणात पुढचं वाक्य येत नाही, की तिथं विद्यापीठाची फी त्याला भरावी लागत नाही.

आपल्या देशात हे अगदीच नाही असंही नाही. म्हैसूरच्या प्रादेशिक शिक्षण संस्थेत भौतिक, रसायन, गणितात एम.एस्सी.एड. चालतं. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून विज्ञान आणि गणित शिक्षणात संशोधन करतंय. हैदराबादच्या इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठात इंग्रजीच्या अध्यापनावर अभ्यासक्रम आहेत. म्हणजे जमतं. फक्त ते आजऱ्याच्या बाईंना आणि पन्हाळ्याच्या सरांना परवडेल एवढं जवळ नाही.

आणि मला राग येतो तो इथं. कारण हे कोल्हापूर आहे.

१९१७ मध्ये, जेव्हा ब्रिटिश सरकार पैसे नाहीत म्हणून हात वर करत होतं, तेव्हा शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. पुढं स्वतंत्र भारताच्या शिक्षणाचा पाया घातला तो १९६४-६६ च्या कोठारी आयोगानं, आणि त्याचे सदस्य-सचिव कोण? आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक. गारगोटीचं मौनी विद्यापीठ उभं करणारा माणूस. त्यांच्या आयोगानंच साठ वर्षांपूर्वी सांगितलं की शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासून आणि शाळेपासून तुटलंय, ते एकटेपण घालवा. कर्मवीर भाऊराव जन्मले कुंभोजचे. शाळा काढताना शिक्षक आधी घडवायला लागतो हे त्यांनी ओळखलेलं. हा वारसा आम्ही जयंतीला हार घालण्यापुरताच ठेवलाय का?

शिवाजी विद्यापीठात गणित, भौतिक, रसायन, मराठी, इंग्रजी, भूगोल असे अधिविभाग आहेत. शिक्षणशास्त्र अधिविभाग आहे. सगळे एकाच आवारात. या दोन-दोन विभागांनी एकत्र बसून विषय-अध्यापनाची पदव्युत्तर पदवी उभी करावी. गणित-अध्यापन, विज्ञान-अध्यापन, मराठी-अध्यापन एवढ्यापासून सुरुवात करा. नोकरी करणाऱ्यांसाठी दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, शनिवार-रविवारी तास घ्या. लघुप्रबंध ग्रंथालयात बसून नको, स्वतःच्या वर्गावर हवा. माझ्या चाळीस पोरांना अपूर्णांक का कळले नाहीत आणि मी काय बदललं, हा प्रबंध. तो बाजारात टाईप करून मिळत नाही.

सरकारनं काय करायचं? तीन गोष्टी. निवड श्रेणीला ही पदवी सगळ्यात वर धरायची. शिकणाऱ्या शिक्षकाची फी जिल्हा परिषदेनं किंवा शासनानं भरायची. आणि माध्यमिकच्या भरतीत विषयाचा पेपर आणायचा. यात आभाळ फाटण्यासारखं काय आहे?

संघटनांनाही सांगतो, रागावू नका. पेन्शनसाठी लढलात, संचमान्यतेविरुद्ध लढलात, मी त्या बातम्या मनापासून लिहिल्या. पण आम्हाला चांगलं शिकवायला शिकवा, अशी मागणी तुमच्या निवेदनात मला कधी दिसली नाही. ती पहिल्या पानावर आली तर टीईटीच्या वेळी रस्त्यावर उतरलेल्या शिक्षकामागं गावातला पालकही उभा राहील. आज तो लांबून बघतो आणि म्हणतो, "एवढं काय, परीक्षाच तर द्यायची आहे."

पुणे विभाग शिक्षक मतदारसंघाची मागची निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली. मुदत सहा वर्षांची. म्हणजे उमेदवार दारात येणारच. जेवणावळी होतील, भेटवस्तूंच्या पिशव्या येतील. त्यांना हाच एक प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. विद्यापीठाच्या अधिसभेत बसलेल्यांनाही विचारा.

राहिला तुमचा प्रश्न. एम.एड. करू का?

बी.एड. कॉलेजात शिकवायचं असेल तर करा, लागतंच. आणि मग नेट-सेट, पीएच.डी.ची तयारी ठेवून करा. शिक्षणाचा अभ्यास खरोखर आवडत असेल तरी करा, पण जिथं तास होतात तिथं करा. घरी बसून पदवी देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. तो तुम्हाला काही देत नाही, तुमच्याकडून घेतोय. आणि नुसतं "उद्या लागलं तर" म्हणून करणार असाल, तर थांबा. तेवढ्या पैशात आणि तेवढ्या वेळात तुमच्या तालुक्यातले तुमच्याच विषयाचे पाच शिक्षक महिन्यातून एकदा गोळा करा. पोरांच्या चुकलेल्या वह्या मधे ठेवा. ही चूक का झाली, एवढंच बोला. विद्यापीठ जागं होईपर्यंत तीच तुमची मास्टर्स. कुणी असा गट सुरू केला तर मला कळवा, बातमी मी करतो.

पटलं तर पुढं पाठवा. पटलं नाही तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा. आणि विद्यापीठातलं कुणी वाचत असेल तर तुमचं उत्तर मी याच भिंतीवर, एक शब्दही न कापता छापीन.